छातीवर वाढलेली योलीमा

एतेल्विना चापार्रो बोलायला फटकळ आणि रडायला कंजूष. फुलांच्या शेडमध्ये तिच्या शेजारी उभ्या राहून कार्नेशनच्या जुड्या बांधणाऱ्या बायका म्हणायच्या, हिच्या डोळ्यांना पाझर नाही, सगळा पाझर तोंडाला. आमच्या वस्तीत असं तोंड लागतंच. बोगोताच्या दक्षिणेच्या डोंगरावर आमची घरं एकमेकांच्या खांद्यावर बसलेली, पाण्याचा नळ एक आणि बादल्या शंभर. तिथे मवाळ बाईचा नंबर संध्याकाळपर्यंत लागत नाही. एतेल्विनाचा सकाळीच लागायचा.

एकदाच ते तोंड कामी आलं नाही. तिचा पहिला मुलगा सातव्या महिन्यात झाला तेव्हा. सरकारी प्रसूती रुग्णालयात त्या काळी अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचेच्या खोलीत ठेवायचे आणि आईला घरी पाठवायचे. आईच्या अंगावर बाहेरचे जंतू असतात, असं सांगायचे. एतेल्विना रोज दुपारी बस पकडून यायची, काचेला नाक लावायची आणि निळ्या दुपट्यावरून आपला मुलगा कोणता ते ओळखायची. एके दिवशी निळी दुपटी दोन निघाली, तेव्हा कुणासाठी जीव तोडायचा तेच तिला कळेना. घरी तिची छाती फडक्याने आवळून बांधली, दूध आटलं. मुलगा तिच्या हातात आला तो एकदाच, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, आणि गार. जिवंतपणी तिने त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. हे दुःख तिने कुणाला सांगितलं नाही, पण ते तिला आतून पोखरत राहिलं. एक गोष्ट तिने मनाशी पक्की केली होती. पुन्हा मूल झालं तर ते आधी माझ्या हातात येईल, मग बाकी सगळ्यांच्या.

दुसऱ्या खेपेलाही सातव्याच महिन्यात कळा सुरू झाल्या, फुलांच्या वाफ्यात, हातात कात्री असताना. मुलगी झाली. पावाच्या लहान लादीएवढी, कातडी लाल आणि ढगळ, जणू मोठ्या बहिणीचे कपडे घातलेत. थोडे दिवस ती उबेसाठी ठेवलेल्या काचेच्या पेटीत राहिली. एतेल्विना या वेळी घरी गेलीच नाही. बाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसली आणि पांढऱ्या कोटातला जो कुणी दिसेल त्याला विचारू लागली, "मला आत कधी घेताय?" रखवालदाराने तिला उठवलं, तर ती पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

आणि एके सकाळी सिस्टर नोएमीने दार उघडून तिचंच नाव पुकारलं. नोएमी म्हणजे आडव्या बांध्याची, खणखणीत आवाजाची बाई. बोयाकाच्या डोंगरातली, म्हणजे एतेल्विनाच्या सासरच्या मुलखातली.

"ब्लाउजची बटणं काढा," नोएमी म्हणाली.

"का म्हणून?"

"मुलगी आत ठेवायचीय."

"आत म्हणजे कुठे?"

"तुमच्या छातीवर. मग काय पर्समध्ये ठेवू?"

एतेल्विनाने ब्लाउजचा गळा मुठीत धरला. इतके दिवस ज्याच्यासाठी भांडली ते समोर आलं, आणि तिला वाटलं, हात टेकले यांनी. जगणार नाही म्हणून आईकडे देताहेत. मागे डॉक्टर बारागान उभे होते. किडकिडीत माणूस, कोटाखाली विटका स्वेटर. तिने त्यांनाच धरलं.

"पेट्या कमी पडल्या म्हणून आमच्या गळ्यात मारताय ना?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

नाही म्हणतील अशा तयारीने ती बाह्या सरसावून उभी होती. या 'हो'वर तिने बाह्या पुन्हा खाली केल्या.

"पेट्या कमीच आहेत," डॉक्टर पुढे म्हणाले. "एकेका पेटीत दोन-तीन बाळं आहेत आणि एकाचा आजार दुसऱ्याला लागतोय. पण तेवढंच नाही. तुमच्या छातीवर ऊब आहे, दूध आहे, आणि दुसऱ्या कुणाचं बाळ नाही. श्वास ती आपला आपण घेते. चोखायला शिकतेय. पुढचं तुम्ही करायचं."

"आणि गेली तर?"

"पेटीतही जातात. ते मी तुम्हाला सांगायला नको."

हा माणूस निदान खोटं बोलत नाही, एवढं एतेल्विनाला पटलं. तिने बटणं काढली. नोएमीने पोरीला उचललं, बेडकासारखे पाय दुमडून, तोंड एका बाजूला वळवून, उभीच्या उभी एतेल्विनाच्या छातीवर चिकटवलं आणि वरून रुंद पट्टा बांधला. पोर आधी आक्रसली. मग तिने एक लांब श्वास सोडला आणि अंग सैल टाकलं. एतेल्विना श्वास रोखून उभी होती.

"तुम्ही पण घ्या की श्वास," नोएमी म्हणाली. "बंदी नाही."

तेव्हा एतेल्विना रडली. मुलाच्या वेळी आलं नव्हतं ते सगळं पाणी त्या दिवशी आलं, पोरीच्या टोपीवर ठिबकलं, आणि नोएमीने टोपी बदलली.

पुढचे दिवस ती बायकांच्या खोलीत शिकली. भिंतीकडेने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक बाई आणि प्रत्येकीच्या ब्लाउजमधून डोकावणारी एक विणलेली टोपी. दूध पिळून चमच्याने थेंब थेंब कसं पाजायचं, ओठांचा रंग कसा बघायचा, उशांना टेकून बसल्या बसल्या कसं झोपायचं. पोर दिवसरात्र छातीवरच, खाली ठेवायची नाही. दुधाशिवाय दुसरं काही नाही. दर मंगळवारी वजनाला यायचं. आईला बाहेर ठेवणाऱ्या त्याच इमारतीत आता आई बाहेर निघाली तर ओरडा बसत होता. या बायकांना सगळे कांगारू म्हणायचे. एतेल्विनाने कांगारू बघितला नव्हता, पण बिचाऱ्या जनावराबद्दल तिला आपुलकी वाटू लागली. मुलीचं नाव तिने ठेवलं योलीमा.

घरी दोन्या कुस्तोदिया वाट बघत होती. एतेल्विनाची ही सासू, जिला सगळे मानाने दोन्या म्हणायचे, बोयाकाहून कोंबड्यांची टोपली घेऊन आली होती, कारण आमच्याकडे बाळंतिणीचे चाळीस दिवस कोंबडीच्या रश्श्याशिवाय पार पडत नाहीत. खिडकीच्या फटीत तिने चिंध्या कोंबल्या होत्या, सुनेसाठी डोक्याला बांधायचं फडकं काढून ठेवलं होतं. सून दारात आली, रिकाम्या हातांनी.

"पोर कुठाय?" कुस्तोदियाचा चेहरा उतरला.

एतेल्विनाने गळ्याशी ब्लाउज जरा खाली ओढला. टोपी दिसली.

"अगं बाई! कोंबडी चोरल्यासारखी काय आत लपवलीस तिला?"

"अशीच ठेवायची, दोन्या कुस्तोदिया. डॉक्टरांनी सांगितलंय. रात्रंदिवस."

"उभी? मान मोडेल तिची! आणि तू छाती उघडी टाकून बसणार? या थंडीत?"

"उघडी कुठाय? त्यावर ही आहे की."

सासू-सुनेचं पटलं नाही, पण एका गोष्टीवर दोघींचं एकमत होतं: एतेल्विनाने जागचं हलायचं नाही. कुस्तोदियाच्या हिशोबी बाळंतीण हलली की वारा शिरतो, हॉस्पिटलच्या हिशोबी आई हलली की पोर गारठते. त्यामुळे एतेल्विना उशांच्या ढिगात महाराणीसारखी बसून राहिली आणि सासू तिला रस्सा भरवत राहिली. नळावर तिची जागा रिकामी दिसायला लागली, तेव्हा सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. पहिल्या मंगळवारी योलीमाचं वजन वाढलेलं निघालं. सगळं सुरळीत चाललं होतं. खटका उडाला तो अंघोळीवरून.

आमच्याकडे बाळंतिणीने अंघोळ करायची नाही. गार पाणी अंगावर पडलं की थंडी हाडात शिरते आणि हाडातून दुधात उतरते, हे आम्ही सगळ्या आयांकडून ऐकत आलोय. हॉस्पिटलने उलट सांगितलेलं, अंग स्वच्छ ठेवा, पोर तुमच्या कातडीला चिकटलेली आहे. रविवारी कुस्तोदिया प्रार्थनेला चर्चमध्ये गेली, तशी एतेल्विनाने नवऱ्याला हाक मारली. मिसाएल गवंडी, अंगाने दांडगा आणि बायकोपुढे मवाळ. तिने पोर त्याच्या छातीवर बांधली आणि त्याची रुआना, डोक्यातून घालायची लोकरी घोंगडी, वरून गळ्यात घातली. मग अंगणात जाऊन पिंपातलं पाणी भसाभसा अंगावर ओतून घेतलं. किती दिवसांनी! तिला माणसात आल्यासारखं वाटलं.

मिसाएल दारात उभा होता. त्याचे दोस्त तेहो खेळायला निघाले होते. लोखंडी चकती फेकून चिखलातली बंदुकीच्या दारूची पुडी फोडायची आणि हरला त्याने बिअर पाजायची, हा त्यांचा दर रविवारचा धर्म.

"काय मिसाएल, येत नाहीस? आणि हे काय, कितवा महिना?"

"पोट बरंच वर सरकलंय रे तुझं!"

"दूध कधीपासून सुरू?"

मिसाएलचे कान लाल झाले, पण तो दारातून हलला नाही. "हळू बोला, झोपलीय," तो म्हणाला. "उठली तर तुम्हालाच पाजायला लावीन." दोस्त हसत गेले. एकजण मात्र परत आला, रुआना उचलून आत डोकावला आणि स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून हातात धरून निघून गेला.

कुस्तोदिया चर्चमधून परतली आणि सुनेच्या ओल्या केसांकडे बघून मटकन स्टुलावर बसली.

"अंघोळ केलीस?"

"केली."

"गार पाण्याने! पोरी, काय केलंस हे! आता ते दूध नाही, बर्फ आहे बर्फ. पोरीच्या पोटात जाऊन गोठेल."

"हॉस्पिटलने सांगितलंय, अंघोळ करा."

"हॉस्पिटलने तुझा मुलगा कसा सांभाळला, ते बघितलं ना?"

मग एतेल्विनाचा तोल सुटला. "माझ्या मुलाचं नाव तुमच्या तोंडातून काढायचं नाही!" ती किंचाळली. "कधीच नाही!" आणि बरंच काही बोलली, जे लिहिण्यासारखं नाही. कुस्तोदिया ऐकून घेत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "आता रागही भरला दुधात. गार होतं, आता विषारी झालं."

एरवी एतेल्विनाने ही बडबड कानाआड केली असती. पण थोड्या वेळाने योलीमाने ओकारी काढली, तोंडाच्या कोपऱ्यातून पांढरं ओघळलं, आणि एतेल्विनाच्या काळजाचं पाणी झालं. सगळी बाळं ओकतात. हे तिलाही माहीत होतं. पण ज्या बाईने एकदा गार मूल हातात घेतलंय, तिला माहीत असलेलं आणि तिला वाटणारं या दोन वेगळ्या गोष्टी असतात. तिचा धीर सुटला. "मग काय करू?" असं तिने सासूला विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं.

"दूध पुन्हा ऊन होईस्तोवर पिळून टाक," कुस्तोदिया मवाळ आवाजात म्हणाली. तिचंही नातीवर प्रेमच होतं. "तोवर मी बडीशेपेचं पाणी देते. थोडा गूळ घालून. पोट साफ होईल."

एतेल्विनाने आपलं दूध घरामागच्या मातीत पिळून टाकलं. दोन दिवस योलीमाला कुस्तोदियाने चमच्याने बडीशेपेचं पाणी पाजलं. पोर शांत पडून राहिली, किती शांत! दोघींना वाटलं, पोटाला आराम पडला.

मंगळवारी नोएमीने काट्यावर ठेवलं आणि काट्याकडे बघतच राहिली. पुन्हा उचलून पुन्हा ठेवलं. मग तिने हाक मारली, "डॉक्टर."

डॉक्टरांनी योलीमाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. त्यांनी पोरीच्या तळपायावर टिचकी मारली. ती रडली नाही, नुसती कुरकुरली.

"काय दिलंत हिला?"

एतेल्विनाने लपवलं नाही. खोलीभर बायका ऐकत असताना अंघोळीपासून बडीशेपेपर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टर एरवी आवाज चढवणारे नव्हते, त्या दिवशी चढला. "म्हणजे दोन दिवस तुम्ही हिला उपाशी ठेवलंत!"

"ठेवली. मीच ठेवली. अक्कल गहाण पडली होती माझी."

"पेटीत घालावं लागेल. द्या इकडे."

एतेल्विनाने पोरीला झटकन उचलून ब्लाउजमध्ये घातलं आणि दोन्ही हातांची कडी केली. पाठ भिंतीला लावली. आवाज नळावरचा होता. "चूक माझी. शिक्षा मला करा, तिला का करता? पेटीत तीन पोरांत कोंबणार आणि मला बाहेर काचेजवळ उभी करणार. एकदा उभी राहिलेय मी तिथे. आता नाही. ती जिथे जाईल तिथे मी. पेटीत घालायची तर आधी मला घाला, मग माझ्यावर तिला ठेवा."

"तुम्हाला द्यायला पलंग नाही आमच्याकडे."

"पलंग कोण मागतंय? ही खुर्ची आहे ना."

डॉक्टरांनी नोएमीकडे बघितलं. नोएमी काट्याची तबकडी पुसत म्हणाली, "माझ्या आईनेही मला बडीशेपेचंच पाणी पाजलं होतं, डॉक्टर. आमच्याकडे सगळ्याच पाजतात. या बाईने निदान कबूल केलं."

"उद्या सकाळी पुन्हा वजन," डॉक्टर म्हणाले. "आणखी उतरलं तर पेटी. मग मी काही ऐकणार नाही."

एतेल्विना खुर्चीत बसली. आता खरी कसोटी पुढेच होती, कारण दूध येईना. दोन दिवस मातीत ओतलेलं, त्यावर ही भीती. ती पिळायची, दोन थेंब चमच्यात पडायचे. पोर एवढी दमलेली की तेही तोंडातून परत बाहेर यायचे. एतेल्विना पुन्हा पुसून पुन्हा द्यायची. शेजारच्या खुर्चीतल्या जुळ्यांच्या आईने गुळाच्या गरम पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावला. "पी गं. दोन-दोन आहेत माझ्याकडे, मी तुला हेवा करायला लावीन एवढं दूध येतं मला." समोरची बाई म्हणाली, "पोरीकडे टक लावून बघू नकोस, लाजते ती. आम्ही बघतो." आणि खरोखर त्या पाच-सहाजणी आळीपाळीने योलीमाच्या ओठांकडे बघत बसल्या, रंग बदलला तर सांगायला. दुपारपर्यंत चमच्यात दोनाचे सहा थेंब झाले.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. रखवालदाराचा आवाज, आणि त्याच्यावर चढलेला कुस्तोदियाचा. "माझी नात पळवलीय यांनी! हो बाजूला, नाहीतर हा रस्सा डोक्यावर ओतीन!" ती आत शिरली. दोन्ही हातांत फडक्यात बांधलेलं पातेलं, टोपी तिरकी. सून दोन बस बदलून गेली आणि परत आली नाही, म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदा एकटी शहरात उतरली होती. सुनेला बघून तिने पातेलं खाली ठेवलं.

"काय झालं?"

"उपाशी होती ती, दोन्या कुस्तोदिया," एतेल्विना म्हणाली. रागाने नाही, तेवढं त्राण नव्हतं. "आपण तिला उपाशी ठेवलं."

कुस्तोदियाने वाकून सुनेच्या ब्लाउजमध्ये बघितलं. नोएमी पुढे आली. "बरं झालं आलात, काकू. तुमच्या सुनेला अंघोळ करायचीय, जरा आडवं व्हायचंय. नाहीतर दूध उतरणार नाही. तोवर पोरीला ऊब देणारं घरचं माणूस हवं. बटणं काढा."

"मी? या वयात? एवढ्या लोकांत?"

"इथे सगळ्या बायकाच आहेत."

"तो डॉक्टर?"

"तो डोळे मिटेल," नोएमी म्हणाली, आणि डॉक्टरांनी पाठ फिरवली.

कुस्तोदियाने रुआना काढली, मग स्वेटर, मग दुसरा स्वेटर. त्याखालचा ब्लाउज गळ्यापर्यंत बटणांचा. बटणं काढताना ती पुटपुटत होती, कुणाला शिव्या की देवाची प्रार्थना ते कळलं नाही. नोएमीने योलीमाला तिच्या छातीवर ठेवलं. म्हातारीने डोळे घट्ट मिटले. पोरीने नाक घासलं, गाल टेकवला आणि तशीच राहिली.

"अगं," कुस्तोदिया अगदी हळू म्हणाली, "ही ऊन आहे."

मग ती बोलत सुटली, कुणीही न विचारता. तिचंही एक मूल सातव्या महिन्यातलं होतं. मुलगाच. लोकर भरलेल्या खोक्यात घालून चुलीजवळ ठेवला होता, उचलू नका असं सगळ्या म्हणाल्या, म्हणून तिने उचललं नाही. "मला कुणी सांगितलंच नाही, की असं धरायचं," ती म्हणाली. "मी रोज खोक्याजवळ बसायचे. नुसती बसायचे." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात पोरीच्या पाठीवरून काढता येत नव्हता, म्हणून ते तिने पुसलं नाही. एतेल्विना बघत राहिली. रविवारी जे काही ती बोलली होती, ते सगळं तिला परत घ्यावंसं वाटलं. जवळ रुमाल नव्हता, तेव्हा तिने आपल्या बाहीनेच सासूचे डोळे पुसले.

"जा आता," कुस्तोदिया नाक ओढत म्हणाली. "पण पाणी गरम आहे का इथे?"

"कडकडीत," नोएमी म्हणाली.

"मग चालेल. गार पाण्यानेच दूध गार होतं. गरम पाण्याने कसं होईल? उलट ऊनच होईल." आणि अशा रीतीने आमच्या मुलखातला जुना नियम कुस्तोदियाने स्वतःच वाकवला, आणि वर सगळ्यांकडे असं बघितलं की जणू ती कायम हेच सांगत आली होती.

गरम पाण्याने असो, रश्श्याने असो, की मनावरचं ओझं उतरल्याने असो, संध्याकाळी एतेल्विनाला छाती भरून आल्याचं जाणवलं. योलीमाने पहिल्यांदा नीट धरलं आणि चोखलं. घोट गिळल्याचा बारीक आवाज आला. खुर्च्यांवरच्या बायका एकदम गप्प झाल्या, तो आवाज ऐकायला. मग जुळ्यांची आई म्हणाली, "चला, जेवायला बसली एकदाची." कुस्तोदिया घरी जायलाच तयार नव्हती. ती रात्रभर खुर्चीशेजारी फरशीवर बसून राहिली आणि डुलकी लागलेल्या सुनेला दर वेळी ढोसून उठवत राहिली, "पाज."

सकाळी काट्याभोवती गर्दी झाली. ज्यांच्या पोरांचं वजन व्हायचं नव्हतं त्याही आल्या. डॉक्टर चष्मा पुसून खाली वाकले. काटा थरथरला आणि थांबला. आदल्या दिवशीपेक्षा वर, थोडासाच.

"वाढलं," डॉक्टर म्हणाले.

त्या खोलीत जो गोंधळ उडाला, तो सायकलशर्यतीत आपला माणूस घाट पहिला चढला की रेडिओपाशी उडतो तसला होता. जुळ्यांच्या आईने डॉक्टरांचाच गालगुच्चा घेतला. कुस्तोदिया म्हणाली, "मी सांगत नव्हते?" आणि कुणी तिला काय सांगत होतीस असं विचारलं नाही.

त्यानंतर एकही मंगळवार काटा खाली आला नाही. कुस्तोदिया बोयाकाला परत जायचं नावच काढेना. बसमध्ये ती सुनेच्या पुढे चढायची आणि बसलेल्या तरण्या माणसाला उठवायची, "ऊठ! दोन जीव आहेत, एक तुला दिसत नाही." मिसाएल रविवारी पोर छातीवर घेऊन दारात उभा राहू लागला, मुद्दाम, तेहोला जाणाऱ्यांनी बघावं म्हणून. आणि एतेल्विना बायकांच्या खोलीत नव्याने आलेल्या, थरथरत्या आयांच्या शेजारी जाऊन बसू लागली. ती त्यांना धीरबीर देत नसे. "बडीशेप पाजायची नाही," ती दरडावायची. "मी पाजलीय. पोर मरायला टेकली होती. कळलं?" डॉक्टरांच्या समजावण्यापेक्षा ते जास्त मनावर बसायचं, कारण ती चूक त्यांच्या घरचीच होती.

मग एके मंगळवारी सकाळपासूनच योलीमाचं काहीतरी बिनसलं. ती छातीवर स्थिर राहीना. टाचा रोवून वर सरकायची, नखांनी ओरबाडायची, ब्लाउजच्या गळ्यातून डोकं बाहेर काढून लालबुंद होऊन किंचाळायची. थोपटलं, पाजलं, गाणं म्हटलं, काही केल्या थांबेना. इतक्या दिवसांत ती अशी कधी वागली नव्हती. पुन्हा काय चुकलं? कुस्तोदिया शपथा घेऊन सांगत होती की तिने काहीही पाजलेलं नाही. दोघी धापा टाकत हॉस्पिटलमध्ये पोचल्या.

नोएमीने पोरीला ब्लाउजमधून बाहेर काढलं, टेबलावर मोकळी ठेवली आणि हात बाजूला घेतले. योलीमाने हातपाय चारी दिशांना ताणले, एक आळस दिला आणि गप्प झाली. नोएमी हसायला लागली.

"काय झालंय तिला?" एतेल्विना ओरडली.

"काही नाही. उकडतंय तिला. कंटाळली ती तुम्हाला."

"म्हणजे?"

"म्हणजे झालं. अंगात स्वतःची ऊब आलीय, वजन भरलंय. आता तिला छातीवर बांधून घ्यायचं नाही. सगळी पोरं हे असंच सांगतात, लाथा मारून. न्या घरी, पाळण्यात घाला."

डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. एतेल्विनाने ब्लाउजची बटणं लावली, एकेक करत गळ्यापर्यंत. छातीला एकदम गार लागलं. इतक्या दिवसांची सवय. तिला मोकळं वाटलं, आणि रिकामंही वाटलं, आणि आनंद तर असा झाला की पाय जमिनीवर ठरेनात. तिने योलीमाला दुपट्यात गुंडाळून हातांवर घेतलं, जशी सगळ्या जगातली पोरं आईच्या हातांवर असतात तशी.

"माजलीय कार्टी," कुस्तोदिया कौतुकाने म्हणाली.

घरी जाणाऱ्या बसमध्ये योलीमाला दुपटंही नको झालं. तिने भोकाड पसरलं. बस वळणावळणाने डोंगर चढत होती आणि ती जीव खाऊन किंचाळत होती. ड्रायव्हरने रेडिओचा आवाज वाढवला, तर तिने त्याच्यावर आपला चढवला. माणसं वळून बघू लागली. शेवटी पुढच्या सीटवरच्या गृहस्थाने कानावर हात ठेवला.

"अहो बाई, गप्प करा की त्या पोरीला! काय आवाज आहे!"

"आहे ना?" एतेल्विना म्हणाली. तिचा चेहरा फुलून आला होता. "नाही करणार गप्प. ओरडू दे तिला."